काकांच्या नावाचं पाकीट

माझ्या लग्नाची पत्रिका काकांना दिली ती कोऱ्या पाकिटातून. पाकिटावर नाव लिहायचं राहून गेलं, इतकंच. पण वडील गेल्यानंतरचं आमच्या घरातलं ते पहिलं कार्य, आणि करमाडचे काका आता एकटेच वडीलधारे. "नाव लिहायला बी फुरसत नाय व्हय?" एवढंच ते म्हणाले आणि लग्नाला आले नाहीत. मीही काही कमी नव्हतो. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा वारसाच. तीन वर्षं कुणी कुणाकडे गेलं नाही.

यंदा बहिणीचं लग्न ठरलं. तिची एकच अट होती, कन्यादान काका-काकूंनीच करायचं. आता त्यांच्या दारात बाजारचं पाकीट घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? भाऊकीतल्या चाळीस घरांची पाकिटं मी घरीच करायची ठरवली, प्रत्येकावर त्या त्या घराचं नाव छापून. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे हातानं लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

कागजीपुऱ्याहून हातकागद आणला, मोजून चाळीस. माझा शहाणपणा! एकही जास्तीचा घेतला नाही. कॉम्प्युटरवर पाकिटाचा आकार काढला. मधे चौकोन, चारी बाजूंना चार कान. छापायचं, रेषेवर कापायचं, कान आत मोडून चिकटवायचे. शेजारी बाइंडिंगचं काम करणारे चाचा राहतात. रद्दीवरची माझी पहिली घडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "बेटा, पहले चमचे से लकीर मारो, बाद में मोडो." मैद्याची खळही त्यांनीच शिजवून दाखवली. पातळ हवी, नाहीतर कागद सुरकुततो.

रविवारी सकाळी कागद प्रिंटरवर लावून ठेवले आणि आंघोळीला गेलो. देवाची पत्रिका आईनं आदल्या दिवशीच ठेवली होती. माणसांतली पहिली काकांची. तेवढ्यात आईनं वरचा कागद उचलला, चारी कोपऱ्यांना ओली हळद आणि कुंकू लावलं आणि पुन्हा होता तसा ठेवला. मी येऊन न बघताच बटण दाबलं. काकांचं नाव बाहेर आलं ते हळदीच्या पट्ट्यांत फरफटत. रोलर पिवळा, अक्षरं फिसकटलेली.

"आई, हे मशीन आहे, देव्हारा नाही!" मी ओरडलो.

ती शांतपणे म्हणाली, "एकदा कोऱ्या कागदानं केलं तेवढं पुरं नाय व्हय?"

तीन वर्षं ती या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती.

माझा आवाज ऐकून चाचा आले. ओल्या फडक्यानं रोलर पुसून दिला, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "फेकता कायकू? वाळला की उलटा छापो. दाग अंदर चला जाएगा." तसंच केलं. बाहेरून पाकीट लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी करमाडला गेलो. काकांनी पाकीट घेतलं, नाव वाचलं. मग नखानं कड अलगद सोडवली. खळ पातळ, त्यामुळे सगळं पाकीटच उलगडलं. आत हळदीनं माखलेलं त्यांचंच नाव.

"दोन दोन बार नाव घातलं व्हय रे?"

थाप मारता आली असती, पण सगळं खरं सांगितलं. आधी काकू हसल्या, मग काकाही. हसता हसता ते थांबले.

"तुझ्या लग्नाच्या दिशी सकाळपासून फेटा बांधून वसरीवर बसलो व्हतो. वाटलं, पोरगं न्यायला येईल."

तीन वर्षं मी साऱ्या जगाला सांगत होतो, काका हट्टी आहेत म्हणून. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "काका, चुकलो."

"ऊठ. कन्यादानाचं मला सांगाया लागतंय व्हय? आदल्या दिशी येतो आम्ही. आन् न्यायला येऊ नको, बस हाय."

आईनं न विचारता लावलेल्या त्या हळदीचे आणि चाचांच्या त्या फडक्याचे उपकार मी कधी फेडणार? फेडायचेही नाहीत. असे उपकार अंगावर असलेलेच बरे.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन करमाडला गेलोच. काका ओसरीवर बसले होते, फेटा बांधून.