आबांची मान

आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून निवृत्त होऊन कराडजवळच्या आमच्या गावी ऊस बघायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या आणि नवराही फौजेत, तेव्हा आसामात. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आबा मुळात कमी बोलणारे. मला काही सांगायचं झालं तर दाराकडं बघून सांगायचे आणि मी पदर सावरून ऐकायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आधी त्यांची नुसती मान दुखायची, मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, तेल चोळून झालं, कुणाच्या तरी सांगण्यावरून हाडवैद्याकडून मानही मोडून घेतली. एका सकाळी बघते तर आबा अंगणात उभे, शर्टाचं बटण बोटांत धरता येत नव्हतं.

"मी लावू का आबा?"

"नगं," म्हणाले, आणि उघड्या शर्टावर टॉवेल टाकून मळ्याकडं चालू लागले. चालणंही तिरपं झालं होतं, पाय कुठं पडतोय ते बघत बघत.

त्याच सुमारास ते आपलं धोतर स्वतः धुवायला लागले. हातात पिळायचा जोर नाही, दोरीवर टाकलेल्या धोतरातून पाणी गळत राहायचं. अंथरुणाचा वास आल्यावर मला कारण कळलं. पण सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं कसं? शेजारच्या काकूंनाही सांगता येईना. सांगितलं असतं तर आबांची गावात मान राहिली नसती.

शेवटी सांगलीला नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडं मीच त्यांना घेऊन गेले. सोबत दुसरं कुणी नव्हतं. मी बाहेर थांबते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "घरचं माणूस आत पाहिजे."

त्यांनी आबांना शर्ट काढायला लावला. गुडघ्यावर रबरी हातोडीनं हलकं ठोकलं, तर पाय ताडकन उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा आबा एकदम कलंडले, डॉक्टरांनी धरलं. मग टेबलावर झोपवून अंगावर चादर घातली, डोळे मिटायला लावले आणि बोटांना टाचणी टोचत विचारू लागले.

"कळतंय?"

"कळतंय की."

डॉक्टरांनी टाचणी बाजूला ठेवली, हात मागं घेतला आणि पुन्हा विचारलं, "आता?"

"आताबी कळतंय," मिटल्या डोळ्यांनी आबा म्हणाले.

मी खाली बघितलं.

"काका, लघवीवर ताबा आहे ना? कपड्यात होत नाही ना?"

"न्हाई. समदं येवस्थित हाय."

डॉक्टर कागदाकडं वळले. गप्प राहावं तर डॉक्टर खोटंच लिहिणार. बोलावं तर हा माणूस पुन्हा माझ्या हातचं जेवेल की नाही कुणास ठाऊक.

"होतंय, डॉक्टर," मी म्हटलं. "रात्रीचं त्यांना कळत नाही."

आबांनी अंगावरची चादर वर ओढायला घेतली. उजव्या हाताला ती धरता येईना. दोनदा निसटली. मला पुढं होता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "हाताला मुंग्या येतात त्या नस दबल्यामुळं. पण पाय आणि लघवी म्हणजे मणक्यातला मज्जारज्जूच दाबला जातोय. सांगितलंत ते बरं झालं. पुण्याला एमआरआय करा, लगेच. ऑपरेशन लागेल असं दिसतंय."

"बरे होतील ना?"

"आहे तिथं थांबवता आलं तर मिळवलं. गेलेलं परत येईल, असं मी सांगत नाही."

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले आणि सगळी वाट बाहेरच बघत राहिले. कराडच्या स्टँडवर उतरताना त्यांचा पाय पायरी सोडून पडला. मी दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"पोराला कळवू नगंस," ते म्हणाले.

"कळवावं लागंल आबा."

तार केली. नवरा रजा काढून आला, पुण्याला ऑपरेशन झालं. लघवीचा त्रास बराचसा थांबला. काठी घेऊन चालायला लागले. मानेचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. बोटं मात्र तशीच राहिली. रजा संपली तसा नवरा निघाला. जाताना "बघशील ना?" म्हणाला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बोटांच्या व्यायामाला पुण्याच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता. आबा रोज सोप्यात बसून तो दाबायचे. कपाळाच्या शिरा फुगायच्या, चेंडू होता तसाच. एकदा मी चहा ठेवायला गेले, तर त्यांनी पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघितलं.

"लय कडक हाय गं ह्यो चेंडू."

"व्हय आबा," मी म्हटलं. त्यांना कपातून पिता यायचं नाही, म्हणून चहा वाटीत ओतला आणि आत गेले.