उंबरा अठरावर

ऑफिसात तीस वर्षं काढली की फायली संपतात, किस्से संपत नाहीत. आमचं ऑफिस पाण्याचं. धरणात किती पाणी आहे ते रोज फळ्यावर लिहायचं आणि पुणेकरांना सांगायचं, घाबरू नका. मी तिथे नकाशे काढायचो. बिबवेवाडीतल्या शेजाऱ्यांना मात्र वाटायचं, त्यांच्या नळाची चावी सोनवण्यांच्या, म्हणजे माझ्या, खिशात आहे. बरेचसे किस्से असेच, हसून सोडून देण्यासारखे. आज सांगतोय ते तसे नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

*

आमची सहल दर डिसेंबरात निघायची आणि दरवर्षी एकाच गावाला जायची. गाव छोटंसं, पण देखणं! संस्थानिकांचा राजवाडा, नदीवर दगडी घाट, डोंगरावर किल्ला आणि गावाला लागून आमच्याच धरणाचा जलाशय. वारज्याहून येणारी गौरी नवीन लागली होती. ती एकदा म्हणाली की या वर्षी दुसरीकडे जाऊ या. आमचे हेडक्लार्क लेले चष्म्यावरून बघत म्हणाले, "जरूर. रजेचा अर्ज टाका आणि जा."

जलाशयाच्या काठावर ग्रुप फोटो ठरलेला. तो काढायचे धुमाळ, म्हणजे फळ्यावर रोजचा आकडा लिहिणारे आमचे सहकारी. गौरीने एकदा सगळे जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवले, तेव्हा लक्षात आलं की एकवीस सहलींत धुमाळ एकाही फोटोत नाहीत. लेले म्हणाले, "म्हणजे हे गृहस्थ सहलीला येतच नव्हते!" आम्ही खूप हसलो. धुमाळही हसले.

*

धरण भरलं की ऑफिसात पेढे, ही आमची जुनी प्रथा. धुमाळांनी फळ्यावर शंभर टक्के लिहायचं आणि लेल्यांनी पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवायचा. धुमाळ तो खायचे नाहीत, रुमालात बांधून घरी न्यायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या आईसाठी नेतात.

आईसाठीच न्यायचे. ती तो कुत्र्याला घालायची, हे फार नंतर कळलं.

*

एका सहलीत गौरीच्या हट्टापायी आम्ही सगळे बोटीत बसलो. धुमाळही बसले, पहिल्यांदाच. मध्यावर गेल्यावर नाववाल्याचं पाठ केलेलं भाषण सुरू झालं. खाली अख्खं गाव आहे, पौर्णिमेला देवळातली घंटा वाजते, नशीबवानांनाच ऐकू येते. गौरी मोबाईलवर शूटिंग करत होती.

धुमाळ पाण्याकडे बघत म्हणाले, "घंटा खाली नाही. आम्ही नेली."

नाववाल्याने विचारलं, आम्ही म्हणजे कोण?

"ज्यांचं गाव आहे, ते."

परतीच्या बसमध्ये कुणी भेंड्या खेळलं नाही. धुमाळ नऊ वर्षांचे असताना त्यांचं घर पाण्याखाली गेलं होतं. मोठेपणी धरणग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरी लागली, तीही याच धरणाच्या ऑफिसात. आणि आम्ही त्यांच्या घराच्या काठावर उभं राहून एकवीस वर्षं दात काढून फोटो काढून घेतले होते. मला स्वतःची शरम वाटली. कात्रज आलं. तेव्हा शेजारी बसलेले लेले हळूच म्हणाले, "सोनवणे, मी त्यांना पेढे दिले हो."

त्या पावसाळ्यात धरण भरलं, पण पेढे आले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

*

त्यानंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत धुमाळ माझ्या टेबलाशी आले आणि बुडीत गावांचा जुना नकाशा आहे का, म्हणाले. मी कपाटातून काढून दिला. त्यांनी बोट फिरवत फिरवत एका चौकोनावर पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. त्या उंचीवरून हिशेब करून मी सांगितलं की धरण अठरा टक्क्यांवर आलं, की तुमचा उंबरा उघडा पडेल. माझ्या माहितीत ते बावीसच्या खाली कधी गेलं नव्हतं. हेही मी सांगितलं.

त्यांनी घरी आईला फक्त अठरा सांगितलं. तेव्हापासून म्हातारी रोज संध्याकाळी ते दारात आले की एकच विचारायची, "किती?" आकडा कळला की म्हणायची, "म्हंजे बुडालेलाच हाय अजून." उंबऱ्याला एकदा हात लावायचा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तिने लेकाला सांगून ठेवलं होतं.

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पुण्यात पाणीकपात लागली. वारज्यात टँकरसाठी भांडणं झाली, ऑफिसचे फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. सगळं शहर आकडा चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं आणि त्याच शहरातल्या एका खोलीत एक म्हातारी तो उतरायची वाट बघत होती.

मार्चमध्ये फळ्यावर सव्वीस होते, तेव्हा ती गेली.

*

मे महिन्यात एका सकाळी धुमाळांनी फळ्यावर अठरा लिहिलं, खडू खाली ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. लेले उठून त्यांच्यापाशी गेले. "धुमाळ, आपण या वर्षीची सहल रविवारीच काढू," म्हणाले.

राजवाडा, किल्ला, घाट, कुणी काही पाहिलं नाही. भेगाळलेल्या चिखलातून धुमाळ पुढे आणि लेले, गौरी, मी असे आम्ही तिघं मागे. ऊन भाजत होतं. अर्ध्या तासाने ते थांबले. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. जोत्याचे चार दगड, एक फुटका पाटा आणि समोर गाळाने माखलेला लांबट काळा उंबरा.

धुमाळांनी वाकून त्याला हात लावला. मग चपला काढून उंबरा ओलांडला आणि आमच्याकडे वळले. हा माणूस ऑफिसात इतकं शुद्ध बोलायचा, की लेले नवीन पोरांना त्याचा दाखला द्यायचे.

"या," ते म्हणाले. "वाकून या, चौकट बुटकी हाय."

लेल्यांनी चपला काढल्या, कंबरेत वाकले आणि आत गेले. त्यांच्यामागून गौरी. मग मी.