एकाच गटाच्या जावा

थोरली घरबसल्या शिंप्याच्या शर्टांना काजं करायची. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. शिंपी म्हणायचा, "वहिनी, दोरा दातानं तोडता की बोलण्यानं?"

"उद्या कापड उशिरा आणून बघा, म्हणजे कळेल."

धाकट्या जावेला दिवस राहिले आणि थोरलीचं डोकं कामात लागेना. कारण रक्ताचं होतं. दोघींचा गट निगेटिव्ह, आणि दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, पॉझिटिव्ह. थोरलीचं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं. घरातल्या घरात निभावलं, दवाखाना कुणी दाखवला नाही. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली ती पिवळीजर्द. निळ्या दिव्याखाली ठेवली, टाचेला टोचून टोचून रक्त तपासलं, तरी गेली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या वेळीच इंजेक्शन घ्यायला हवं होतं. तुमच्या रक्तानं तेव्हाच बाळाच्या रक्ताशी वैर धरलं. आता इंजेक्शनचा उपयोग नाही." सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "हिचं रक्तच वाईट."

आता तेच रक्त धाकटीच्या अंगात लाडाचं झालं होतं. "बादली उचलू नको गं, तुझा गट नाजूक," सासूबाई म्हणायच्या. तिचा नवरा तर तिच्या चपला पायाशी आणून ठेवायचा.

"आमचा गट काय भंगारातनं आणलेला?" थोरली सुईला विचारायची.

एका दुपारी धुणं भिजवताना धाकटीच्या परकरावर तिला लाल डाग दिसला. धाकटी मागेच उभी होती. चौथा महिना.

"ताई, सकाळी जरासं गेलं. आता थांबलंय. कुणाला सांगू नका ना! आई मला खाटेवरनं उठू द्यायच्या नाहीत, दुकानातली नोकरी जाईल. आणि दवाखान्यात गेलं की सुई! मला नुसत्या नावानं घाम फुटतो."

"थांबलंय ना? मग झालं तर," थोरली म्हणाली, आणि परकर पाण्यात दाबला.

ती शर्ट घेऊन बसली. डागाचा अर्थ या घरात तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? हे मूल कदाचित धड होईल. पण पुढचं? होऊ दे हिलाही एकदा. मग बघू कोण नाजूक अन् कोण वाईट. हा विचार तिनं गोळीसारखा तोंडात घोळवला. गोड लागला.

गोड लागता लागता तिनं काज कापलं ते नेमकं शर्टाच्या भलत्याच पट्टीवर. आजवर असं कधी झालं नव्हतं. त्या भोकाकडे बघताना तिला लेकीच्या टाचा आठवल्या. एवढ्याशा, पिवळ्या, टोचून टोचून काळ्या पडलेल्या.

"चप्पल घाल," ती आत जाऊन म्हणाली.

"कुठं?"

"सुई टोचायला. आणि रडलीस तर मीच टोचीन, माझ्याकडे डबाभर आहेत."

दवाखान्यात बाळाचे ठोके नीट लागले. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलंत हे बरं केलंत. रक्त गेलं की तीन दिवसांच्या आत हे इंजेक्शन द्यावं लागतं." धाकटीनं "आई गं" करून दवाखाना डोक्यावर घेतला.

परतताना ती दंड कुरवाळत म्हणाली, "ताई, फार ठणकतंय हो."

"ठणकणारच."

थोरलीनं तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. पण नजर पुन्हा पुन्हा त्या दंडाकडे जात होती. पट्टीखाली दाबलेला एवढासा कापूस. तोसुद्धा हिलाच.