आमच्या मंडईत मला मिळालेलं काम

मेकअपच्या खुर्चीत मला अजूनही धड बसता येत नाही. मुंबईत मालिकांमधून मी कधी सासू असते, कधी मोठी जाऊ, कधी नुसतीच देवघरासमोर हात जोडून उभी राहणारी आत्या. मेकअप करणारे दादा रोज म्हणतात, "ताई, जरा मान स्थिर ठेवा." मी हो म्हणते आणि लगेच पाय हलवायला लागते. माझ्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या युनिटला माहीत झालंय. शॉट लागेपर्यंत मी त्या खोट्या बंगल्याच्या खोट्या जिन्यावर खालीवर करत असते.

ही खोड झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची. माझं गाव भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या पलीकडे. कॉलेज अर्धवट सोडून मी वडशाच्या एका नाटक कंपनीत शिरले तेव्हापासून दिवाळी ते होळी हा माझा सगळा काळ जीपमध्ये गेला. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. झोप गाडीत, वेणीफणी गाडीत, भांडणंसुद्धा गाडीतच. पुढे नागपूरला दूरदर्शनवर छोटी कामं मिळाली, एका सिनेमात नर्स झाले, दोन वाक्यं बोलले, आणि त्या दोन वाक्यांच्या जोरावर मुंबई गाठली. म्हणायला करिअर वगैरे. खरं सांगायचं तर मला एका जागी राहता येत नव्हतं, एवढंच.

मुंबईत मालिकेच्या पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. झाडीपट्टीत पडद्याआड प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसलेला असतो, आणि आमच्या कंपनीचा कायम डाव्या अंगाला बसायचा. वाक्य अडलं की नजर आपोआप तिकडे जाते. सेटवर नवऱ्याला जाब विचारता विचारता मी तीनतीनदा डावीकडे पाहिलं. दिग्दर्शकाने शॉट थांबवला आणि विचारलं, "मॅडम, तिकडं कोण आहे?" तिकडे एक टेबलफॅन होता. सगळे हसले, मीही हसले, आणि मनातून असा संताप आला की विचारू नका.

आमच्याकडच्या नाटकांची एक रीत सांगायला हवी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. भाजीची नव्हे, आमची मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि त्या जत्रेचं नाटक गावच बसवतं. पुरुषांची कामं गावातले लोक करतात. सरपंच, शिंपी, किराणावाला, सगळे दोन महिने संध्याकाळी शाळेत तालीम करतात. बायकांची कामं करायला मात्र बाहेरच्या कंपनीकडून नट्या आणतात, प्रॉम्प्टरही तिचाच. आम्ही दुपारी पोहोचायचो, त्या अनोळखी माणसांबरोबर एकच तालीम करायचो आणि रात्री त्यांच्या बायका व्हायचो. सकाळी त्या नटाची खरी बायको आमच्यासाठी चहा घेऊन यायची आणि कप हातात देईपर्यंत मला पायाच्या नखापासून पाहून घ्यायची. मी कितीजणींचा असा चहा प्यायले असेन!

सगळ्या जिल्ह्यात कामं केली, लाखनीपासून नाकाडोंगरीपर्यंत. एक माझं गाव सोडून.

कारण भांडण नव्हतं. मला कंपनीत सोडायला सायकलवर डबलसीट घेऊन गेला तो माझा मोठा भाऊच. तो स्वतः गावच्या नाटकात दरवर्षी हिरो असायचा. लहानपणी त्याची वाक्यं पाठ व्हावीत म्हणून समोरच्या बाईची सगळी वाक्यं मीच म्हणायचे, चुलीपुढे बसून. तर पहिले काही सीझन झाल्यावर मी त्याला म्हटलं, दादा, यंदा आपल्या मंडईत मले काम दे. त्याने मान खाजवली.

"देतो व. पण तू कोनाची बायको होशीन?"

मी बोटांवर मोजायला लागले. सरपंच काका. शिंपी मामा. किराणावाला मानलेला भाऊ, आणि हिरो तर सख्खाच. जिथे प्रत्येक माणूस नात्यातला, तिथे गावच्या लेकीने कोणाच्या गळ्यात पडायचं? म्हणून गावची पोरगी गावच्या स्टेजवर चढत नाही. कोणी मनाई केलेली नसते, तिला जागाच नसते.

टीव्हीवर दिसायला लागल्यावर गावाने मला बोलावलं, पण उद्घाटनाला. शाल, नारळ, पुढची गादीची खुर्ची. तिथे बसून मी वडशाहून आलेल्या बाईला माझ्या भावासमोर रडताना पाहिलं. वाईट नव्हती, पण मला ते बघवेना. शेजारी बसलेली वहिनी हळूच म्हणाली, "ताई, पाय काहून हालवून रायल्या? खुर्ची हालते ना." मला हेवा वाटत होता, दुसरं काय. अख्ख्या महाराष्ट्राच्या घराघरात मी दिसत होते आणि मला हवं होतं ते आमच्या शाळेपुढचं फळ्यांचं स्टेज.

यंदा भाच्याचा फोन आला. दादाचा मुलगा, गावच्या नाट्यमंडळाचा सचिव आता तोच. "आत्या, उद्घाटनाले येजा."

"उद्घाटन दुसऱ्या कोनाकडून करून घे," मी म्हटलं. "मले काम पायजे."

तो एकदम खूश झाला. हिरोच्या आईचं काम अजून कोणाला दिलेलं नव्हतं. आता माझं वय आईचंच, आणि हिरो होता हा भाचा. आत्या आई झाली तर कोण काय बोलणार? इतकी वर्षं अडलेली गोष्ट वयाने सोडवली म्हणून मी त्या दिवशी सेटवर जिन्याच्या पायऱ्या अक्षरशः धावत चढले. भाच्याने तेवढ्यात पोस्टरसुद्धा छापून घेतलं.

घोटाळा पुढे होता. दादाचे केस पिकल्यापासून तो हिरो राहिला नव्हता, हिरोचा बाप व्हायचा. आणि हिरोची आई म्हणजे त्या बापाची बायको. भाच्याच्या डोक्यात एकीकडे आत्या, एकीकडे बाबा. ती दोघं नवरा-बायको आहेत हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

मी भाऊबीजेला घरी पोहोचले. दादाला ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली, पण तो पाटावरून उठला नाही.

"चवथा प्रवेश वाचला काय?" त्याने विचारलं.

वाचला होता. बायको नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते आणि तो तिला उठवून जवळ घेतो.

"वाचला," मी म्हणाले.

"मंग?"

माझ्या हातात अजून निरांजनाचं ताट होतं. मी म्हटलं, वडशाहून बाई बोलव, मी आपली खुर्चीत बसते. तो चपला घालून बाहेर पडला.

ती दुपार मी कशी काढली मलाच माहीत. अंगण ते मागचं दार, मागचं दार ते अंगण. वहिनी धान्य निवडत बसली होती, तिने मला चारदा बसायला सांगितलं आणि मग नाद सोडला. मला ते काम हवं होतं. आणि दादाने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. बाकी वर्षभर त्याच्या वाट्याला धान, पाणी, खत. नाटकाचे दोन महिने तेवढे त्याचे स्वतःचे. तापाने फणफणलेला असतानाही तो उभा राहिला होता. दोघांपैकी एकालाच स्टेजवर जाता येणार होतं, आणि मी हट्ट सोडते म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला होता. त्यालाही वाटलाच असणार. त्याने मला लहानपणापासून ऐकलंय.

संध्याकाळी भाचा तालमीहून आला. "बाबानं काम सोडलं. मास्तराले देलं."

मास्तर चंद्रपूरकडून बदलून आलेले. गावात कोणाचेच कोणी नव्हते, म्हणून माझे नवरे व्हायला मोकळे. मी दादाला गोठ्यात गाठलं.

"काहून सोडलं?"

"मी दरवर्षीच करतो ना," तो बैलाला वैरण टाकत म्हणाला. "तू कर आता."

"पाहाले तर येशीन?"

"भारी धान उभं हाय बांधीत. पाहू."

भाताच्या शेतात, बांधीत, रात्री कोण धान कापतं! 

नाटकाचं मी सांगत बसत नाही. बरं झालं, लोकांनी बरं म्हटलं, म्हाताऱ्या बाया येऊन गालावरून हात फिरवून गेल्या. मास्तर चोख पाठांतराचे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण पहिल्या प्रवेशापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण पुढच्या रांगेत दादासाठी राखलेली खुर्ची रिकामी होती. प्रत्येक अंकाला मी पाहिलं. रिकामीच. एवढ्या वर्षांनी मिळालेलं काम मी एका रिकाम्या खुर्चीकडे बघत केलं. तो रुसलाय, मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतलाय, हेच डोक्यात घुमत राहिलं.

सकाळी वहिनीने चहा आणला. मी बॅग भरत होते, नागपूरची गाडी लवकर पकडून एकदाचं निघून जावं म्हणून. तिने कप माझ्या हातात दिला आणि ती तिथेच उभी राहिली.

"दादा झोपला होता काय?" मी विचारलं. जरा तिरकसच विचारलं.

"झोपते कायचा," ती म्हणाली. "तुमच्या नाटकाचा भोंगा आपल्या बोरीच्या झाडावर बांधला होता. अंगनात उभे होते पूर्ण टाइम. तुमी बोलल्या का हे जवाब देत. मास्तरच्या संगंच. हातवारे करून करून."

मी कप खाली ठेवला.

"म्या म्हटलं, जा ना तिकडं, समोर बसून पाहा. तं म्हनते, समोर बसून गप रायनं मले जमत नाही." वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "चवथ्या प्रवेशात तं खरंच कोनाले उठवल्यासारखं केलं बाप्पा. अंगनात कोनी नाही, काही नाही."

तेवढ्यात दादा बांधीकडून आला. पाय चिखलाने भरलेले, हातात विळा. माझ्या बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जाते का म्हणून विचारेल.

"तिसऱ्या अंकात तू घाई केली व," तो म्हणाला. "माहं वाक्य पुरं व्हाच्या आंधीच बोलली."

तिसऱ्या अंकातलं मास्तरांचं वाक्य पूर्ण झालं होतं. मला पक्कं आठवत होतं.

"हो दादा," मी म्हणाले, "चुकलंच माहं."