कानाचं माप

कडावचा तो मेकॅनिक जुन्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरचे न मिळणारे भाग स्वतः घडवतो. पितळेची बारीक नळी ओठांत धरून फुंकतो आणि डोळे मिटून ऐकत बसतो.

बाबा गेल्यापासून बंद पडलेली त्यांची गाडी त्याने पहिल्या किकला सुरू केली. मी चावी मागितली, तर म्हणाला, "थांबा. जिनं रोज वाट बघितली, तिला आना."

मला रागच आला. गाडी माझी आणि कान दुसऱ्याचे? तरी आईला घेऊन गेलो. ती गाडीकडे पाठ करून बाकावर बसली. तो स्क्रू केसभर फिरवायचा नि तिच्याकडे बघायचा.

"नाय," ती म्हणायची. "अजून नाय."

मग एकदम उठली, पदर सावरला. "आली. फाटकाशी आली."

तेव्हा कुठे त्याने मला चावी दिली.