वीतभर मोटार

मामंजींनी खोक्याचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि झाकण हळूच पुन्हा लावलं.

"मोडली," ते म्हणाले.

सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. "अगंबाई! सगळीच?"

"सगळीच. नुसता चुरा झालाय."

खोक्यावर लालभडक मोटारीचं चित्र होतं. लांबलचक, चकचकीत, मागे माशासारखे दोन पंख असलेली मोटार. असली मोटार आमच्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. ज्यांनी ती आणली ते शेजारचे गृहस्थ समोर चटईवर बसले होते. ते जहाजावर इंजिनाच्या कामाला असत आणि दोन-दोन वर्षांनी घरी येत, म्हणून गाव त्यांना जहाजवाले म्हणे. लहानपणी ते मामंजींच्या शाळेत होते, आणि या खेपेला आपल्या गुरुजींसाठी म्हणून अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी ही भेट आणली होती.

सासूबाईंनी त्यांची समजूत काढली. "जाऊ दे हो, वाटेत आपटली असेल. तुमचा काय दोष?"

जहाजवाले हसू दाबत होते. "मोडलेली न्हाय, गुरुजी. अजून व्हायची हाय. ती आपण जोडायची."

"आपण?"

"व्हय. तिकडं मोठी मोठी माणसं बसून जोडतात. आत कागद हाय, त्यात सगळं लिवलंय."

मामंजींनी झाकण परत उघडलं. या वेळी ते बराच वेळ आत बघत राहिले.

ही साठ सालानंतरची गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. माहेर तळा गावचं, सासर बोर्ली पंचतनजवळच्या समुद्रकाठच्या गावात, पोफळी आणि नारळाच्या वाडीत. यजमान मुंबईला कचेरीत होते, तिथे बिऱ्हाडाला खोली मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांपाशी राहायचं असं ठरलं होतं. सासूबाईंशी माझं लवकर जमलं. मामंजींची मात्र मला धडकी भरे. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर. घरात त्यांचा आवाज चढत नसे, पण तो चढू शकतो एवढ्यावरच घर चालत असे. त्यांच्यासमोर चहाचा पेला ठेवायचा, पदर सावरायचा आणि आत निघून यायचं, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीतून हाक आली, "सूनबाई!"

मला वाटलं, चहात साखर जास्त पडली. बाहेर जाऊन पाहते तो मामंजी चटईवर मांडी घालून बसलेले, समोर सुपाऱ्यांचा घोस लागावा तसे प्लास्टिकच्या काड्यांना लागलेले मोटारीचे भाग, आणि हातात सासूबाईंचा अडकित्ता.

"तुझी बोटं दाखव."

मी घाबरत हात पुढे केला. त्यांनी चष्म्याच्या वरून माझी बोटं न्याहाळली.

"बारीक आहेत. बस इथे. हा आरसा धर. मोटारीचा आहे, तुझा नव्हे. मला दिसतो, पण माझ्या हातात येत नाही."

तो आरसा तांदळाएवढा होता. मी बसले. सासऱ्यांसमोर, त्याच चटईवर! आतून सासूबाईंनी हे पाहिलं असणार, कारण भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मग त्या बाहेर आल्या, आणि मला वाटलं तसं माझ्या बसण्याबद्दल काही न बोलता म्हणाल्या, "माझा अडकित्ता तेवढा बोथट करू नका."

खोक्यात मोटार चिकटवायला एक नळीही होती. जहाजाच्या इंजिनघरात ती उकडून निघाली असावी, कारण आतला डिंक दगड झाला होता. आम्ही घरचा डिंक लावून पाहिला, खळ लावून पाहिली, सासूबाईंनी भिजवलेल्या मेथीचा चिकट गर सुचवला तोही लावला. दारं सुटून खाली पडत. मेथीला तर मुंग्या आल्या.

दुसरी अडचण याहून मोठी होती. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं आम्ही दोघंही वाचू शकत होतो, पण मोटारीच्या पोटात काय असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. "सायलेन्सर खाली बसवा," मामंजी वाचत. "ठीक आहे. पण यातला सायलेन्सर कोणता?" मी एक नळकांडं उचलून दाखवी, ते दुसरं उचलून दाखवत.

शेवटी एका सकाळी त्यांनी कोट घातला, टोपी चढवली आणि बैलगाडी जोडायला सांगितली. बोर्लीला डॉक्टर होते आणि डॉक्टरांकडे मोटार होती. "सूनबाईला बरोबर नेतो," ते सासूबाईंना म्हणाले, "तिला समजतं." त्या दोन शब्दांनी मी बैलगाडीत अशी फुगून बसले की रस्त्यातले खड्डेही मला लागले नाहीत.

डॉक्टर रोगी तपासत होते. मोटार दवाखान्यासमोर आंब्याच्या सावलीत उभी होती, काळी आणि धुळीने माखलेली. मामंजी तिच्याभोवती एक फेरा मारून आले. मग त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, इकडेतिकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि सरळ पाठीवर पडून मोटारीखाली सरकले.

"लिहून घे," खालून आवाज आला. "नळकांडं डाव्या बाजूने जातं. शेपटाकडे निमुळतं."

लिहून घ्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. इतक्यात बाजारातून येणाऱ्या एका बाईने मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय पाहिले, शेजारी टोपी धरून उभ्या असलेल्या मला पाहिलं आणि बोंब ठोकली.

"अगो बाय! मास्तर गाडीखाली गेलं!"

बोर्लीचा बाजार पाहता पाहता दवाखान्यापुढे जमला. कुणी मोटार उचलायला हात लावला, कुणी माझ्यासाठी पाणी आणलं, एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागली. मी "अहो, ते ठीक आहेत" म्हणत होते, पण मला एकीकडे इतकं हसू येत होतं की माझे खांदे हलत होते, आणि लोकांना वाटत होतं, पोर हुंदके देतेय. डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून धावत बाहेर आले आणि गुडघ्यांवर बसून वाकले.

"मास्तर! कुठे लागलंय?"

"कुठे नाही," खालून शांत उत्तर आलं. "डॉक्टर, तुमचा सायलेन्सर फुटलाय."

डॉक्टर काही क्षण तसेच वाकलेले राहिले. मग तेही मामंजींशेजारी मोटारीखाली शिरले. माझ्यासमोर आता चार पाय होते.

परत निघताना डॉक्टरांनी आम्हाला एक छोटी बाटली दिली. क्लोरोफॉर्म. त्यांच्या कंगव्यावर एकदा तो सांडला होता आणि कंगव्याचं पिठलं झालं होतं. "मोटारीच्या उरलेल्या काड्या यात विरघळवा, झकास डिंक होईल," ते म्हणाले. "वास मात्र घेऊ नका. उघड्यावर बसा."

आम्ही उघड्यावर बसलो होतो, हे मी शपथेवर सांगते. पण पडवीला उन्हासाठी तट्ट्या लावलेल्या होत्या आणि त्या सोडायचं कुणालाच सुचलं नाही. डिंक फर्मास झाला. दार चिकटलं, दुसरं दार चिकटलं, माझे अंबाड्याचे आकडे चिमट्यासारखे लावून आम्ही ती घट्ट धरून ठेवली. थोड्या वेळाने मामंजी म्हणाले, "सूनबाई, या मोटारीला आकडे लावले की ही अगदी तुझ्या सासूबाईंसारखी दिसते."

एरवी मी जीभ चावून गप्प बसले असते. त्या दुपारी मी म्हणाले, "पण या बोलत नाहीत."

मामंजी हसले. आधी नाकातून, मग पोटातून. मला वाटलं ते थांबतील, पण त्यांना थांबता येईना आणि त्यांच्याकडे बघून मलाही थांबता येईना. सासूबाई धावत बाहेर आल्या. हेडमास्तर खांबाला टेकून डोळे पुसतायत आणि सून चटईवर आडवी झालीय, असा देखावा पाहून त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग नाकाला पदर लावला आणि भराभर सगळ्या तट्ट्या वर गुंडाळल्या.

"काय चाललंय काय?"

"तू बोलत नाहीस!" मामंजी कसेबसे म्हणाले, आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. वाऱ्यावर आल्यावर आम्हा दोघांचं डोकं दुखलं, सासूबाईंनी दोघांनाही कोकमाचं सरबत पाजलं आणि दोघांनाही सारखंच फैलावर घेतलं. त्यानंतर मला मामंजींची भीती वाटली असं मला आठवत नाही. बाटलीचं बूच उघडायचं ते अंगणातच, असा नियम त्या दिवशी झाला आणि तो सासूबाईंनी पाळायला लावला.

मोटार आकाराला येऊ लागली तसा मामंजींना कागदात एक दोष सापडला. "हे बघ. स्टेअरिंग डाव्या बाजूला दाखवलंय. डॉक्टरांच्या मोटारीला कुठे होतं?"

"उजव्या."

"एस.टी.ला?"

"उजव्या."

"मग? छापणाऱ्याने चित्र उलटं छापलंय." त्यांनी तांबडी पेन्सिल काढली, कागदावर त्या चित्रावर फुली मारली आणि समासात शेरा लिहिला, "चूक." शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी चूक सापडली होती, त्यांचा चेहरा उजळून निघाला. स्टेअरिंगसाठी भोक मात्र डावीकडेच होतं. आम्ही ते काडीने बुजवलं, दाभण चुलीत तापवून उजवीकडे नवं भोक पाडलं आणि स्टेअरिंग आपल्या मते जागच्या जागी बसवलं.

पुढची काच बसवताना माझ्या बोटाला डिंक लागला होता. काचेवर बोट टेकलं तिथे पांढरं धुकं उमटलं. पुसायला गेले तर आणखी पसरलं. मला रडू यायचं बाकी होतं. मामंजी काच उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिले, आणि ते बघणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, तेलाच्या वाटीत करंगळी बुडवली आणि काचेवर खोबरेल फिरवलं. धुकं जवळजवळ गेलं.

"टाळूला लावते तसं रोज लावेन," त्या म्हणाल्या. "पोरगीला रडवू नका."

रंग राहिला होता. किनाऱ्यावर होड्यांना रंग देणं चाललं होतं. मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला मामंजींनी विचारलं, होडीच्या तांबड्या रंगातला थोडा मिळेल का?

"मिलंल की. केवरी हाय होरी तुमची?"

मामंजींनी मोटार आणून दाखवली. तिने टोपली खाली ठेवली, मोटार तळहातावर घेतली, फिरवून पाहिली आणि चाक बोटाने गरगर फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिने करवंटीत रंग तर आणलाच, शिवाय आपल्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, असतो तसा डोळा काढून देऊ का असंही विचारलं. मामंजींनी दोन्ही दिव्यांच्या वर एकेक पांढरा डोळा काढू दिला. ते तिने सुंभाच्या एका धाग्याने काढले. ती मोटार इतकी सुंदर दिसायला लागली की आम्ही तिघंही तिच्याभोवती उकिडवे बसून नुसते बघत राहिलो.

शनिवारी यजमान मुंबईहून आले. त्यांनी आम्हाला आधी काही कळवलं नव्हतं. दारात पिशवी घेऊन उभे राहिले तेव्हा मी पडवीच्या एका टोकाला पोटावर पालथी पडले होते, त्यांचे वडील दुसऱ्या टोकाला पालथे पडले होते आणि आमच्यामधून तांबडी मोटार सुसाट जात होती. मोटारीचा आवाज हेडमास्तर तोंडाने काढत होते.

"बाबा?" यजमान म्हणाले.

"बाजूला हो," मामंजी म्हणाले. "रस्त्यात उभा आहेस."

जहाजवाले बोटीवर परत जायच्या आधी निरोप घ्यायला आले. मामंजींनी मोटार त्यांच्यापुढे ठेवली आणि सोबत तो दुरुस्त केलेला कागदही. "तुझ्या अमेरिकनांना दाखव. चूक काढलीय."

जहाजवाल्यांनी कागद पाहिला, मोटारीत वाकून पाहिलं. बोलावं की न बोलावं या विचारात ते जरा घुटमळले.

"गुरुजी... तिकडं डावीकडंच असतं. गाड्या उजव्या अंगानं चालतात तिकडं."

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. मामंजींनी कागद घेतला, तांबडी पेन्सिल काढली, आपल्या "चूक" या शब्दावर फुली मारली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं, "बरोबर." मग त्यांना हसू आवरेना, आणि या वेळी बाटलीचं बूच घट्ट बंद होतं.

"असू दे," डोळे पुसत ते म्हणाले. "ही आपल्याकडे चालायची आहे."

पुढच्या खेपेला जहाजवाल्यांनी दोन खोकी आणली, एका ट्रकचं आणि एका उघड्या टपाच्या मोटारीचं. पण तोवर मुंबईला खोली मिळाली होती आणि मला निघावं लागलं. निघताना मामंजी माझ्यापेक्षा त्या खोक्यांकडेच बघत होते. "आता बारीक काम कोण करणार?" एवढंच म्हणाले.

मी गणपतीला घरी गेले. अंगणातून हाक मारली तर ओ नाही. पडवीच्या पायरीवर सासूबाई नाकावर चष्मा लावून बसल्या होत्या. तो मामंजींचा जुना चष्मा होता. त्यांच्या हातात ट्रकचा आस होता आणि ओठांत धरलेले माझ्याचसारखे आकडे. मामंजी समोर अंगणात बाटली धरून, श्वास रोखून बसले होते.

"हलवू नका म्हटलं ना," सासूबाई आकड्यांमधून म्हणाल्या. "ये गं. चहा तूच टाक, आमचे हात गुंतलेत."

मी चहा टाकला नाही. पिशवी तिथेच ठेवली, दोघांच्या मध्ये घुसून बसले आणि उघड्या टपाच्या मोटारीचं खोकं पुढे ओढलं.