निवृत्तीनंतरचा पहिला मे

घर बघायचं तर मे महिन्यात, असं माझं मत आहे. दिवाळीत खानदेशातलं कुठलंही घर चांगलंच वाटतं. भिंती गार असतात, विहिरीला पाणी असतं, माणसंही गोड बोलतात. म्हणून निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावर घरात वाद सुरू झाला तेव्हा मी एकच अट घातली. जिथे राहायचं म्हणता तिथे आधी मे महिना काढू, मग बोलू.

आम्ही दोघंही साक्री तालुक्यात शिक्षक. हे अठ्ठावन्नाला निवृत्त झाले आणि मीही मुदतीच्या चार वर्षं आधीच नोकरी सोडली. मला शहरात, देवपूरला एक घर पसंत होतं. तळमजला, दोन खोल्या, दवाखाना आणि भाजी पायी जाण्याच्या अंतरावर. ह्यांना मात्र रावेरजवळचं त्यांचं गाव हवं होतं. जाऊबाई वारल्यापासून ह्यांचे थोरले भाऊ, मुलगा-सून घरात असूनही, एकटे पडले होते. त्यांनी आमच्यासाठी मागच्या बाजूला एक खोलीही बांधून ठेवली होती. शिवाय केळीच्या बागांमुळे आमच्याकडे गारवा असतो, असं हे ज्याला त्याला सांगत.

गारव्याचं मी बघून घेतलं असतं. माझी अडचण वेगळी होती. ह्यांच्या भावाला सगळे नाना म्हणतात, आणि नानांसमोर मी लग्नापासून कधी बसले नव्हते. नाना दिसले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि उठून आत जायचं. बोलणं तिसऱ्या माणसामार्फत. "तिले म्हना, चहात साखर कमी टाक," असं ते आपल्या मुलाकडे बघून म्हणायचे आणि मी पलीकडच्या खोलीत ते ऐकून साखर कमी टाकायची. सणाला दोन दिवस जायचं तर याचं काही वाटत नाही. पण तीस वर्षं वर्गासमोर उभं राहिल्यावर उरलेलं आयुष्य दाराआड काढणं मला जमणार नव्हतं. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, नाना काय वाघ आहे का?

मेमध्ये गेलो. घरात नाना, पुतण्या आणि त्याची बायको. कूलर मधल्या खोलीत, स्वयंपाकघर त्याच्या मागे. नाना दिवसभर पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. मोकळी हवा त्यांना आणि चार भिंती आम्हाला, असं मी पहिल्याच दिवशी मनात ठरवून टाकलं.

दुसरी गोष्टही दिसली. पुतण्याची बायको शिकलेली, चटपटीत पोरगी. पण हे तिचे चुलत सासरे. हे पाणी प्यायला आत शिरले की ती पोळी तव्यावर टाकून उठायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. पोळी करपायची. ह्यांच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सगळे लग्नाला गेले. नानांचा गुडघा दुखत होता म्हणून ते राहिले आणि त्यांच्या जेवणाचं बघायला मी. दुपारी दोनला वीज गेली. मी आत पदराने वारा घेत बसले होते. ओट्यावरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा आला. दारातून पाहिलं. ओटा पश्चिमेचा, ऊन आत येत चाललेलं. नाना डोक्यावर ओला रुमाल टाकून भिंतीकडे सरकत होते आणि सरकायला आता जागा उरली नव्हती.

"नाना, आत या," मी म्हटलं. त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

त्यांनी वळून पाहिलं नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "आत कसा येऊ? मी आलो का तुले उठा लागते. तू घरी आली का मी भायेर, हे तं पयल्यापासूनच हाये."

"मला वाटायचं, ओटा गार म्हणून तुम्ही बसता."

"कोन म्हने गार? भट्टी हाये."

मी म्हटलं, मी उठणार नाही, तुम्ही या. ते आले. भिंतीकडे तोंड करून बसले, पण बसले. मी पदर घेतला नाही. माठातलं पाणी दिलं. मग त्यांनी देवपूरच्या घराची चौकशी केली. दार कुठल्या दिशेला, पायऱ्या किती, शेजार कसा. मी सगळं सांगितलं.

संध्याकाळी मंडळी परतल्यावर नानांनी ह्यांना समोर बसवलं. "तू देवपूरले घर घे," ते म्हणाले. "या घरात माझ्यापायी एक सून भिताडाले लागून उभी ऱ्हायते. तू आला का तिले दोन सासरे. मी येत जाईन तुह्याकडे. तठी मले आत बसता येईन."

हेच मी बोलले असते तर भांडण झालं असतं. भावाचं बोलणं ऐकून हे नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

जूनमध्ये आम्ही देवपूरला आलो. हे महिन्यातून आठवडाभर गावी जातात. ते मला मान्य आहे. नाना दोनदा येऊन गेले. एवढं बोलतात की चहा गार होतो, आणि चहाला नावंही आता थेट माझ्यासमोरच ठेवतात.

गेल्या महिन्यात पुतण्याची बायको एका परीक्षेसाठी चार दिवस राहायला आली. मी दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं. ह्यांनी खुशाल आत यायचं, तिने उठायचं नाही. पहिल्या सकाळी ती पोळ्या करत होती. हे दारात आले, ती अर्धी उठली, हे मागे फिरले. मी ह्यांच्या हातात ताट दिलं आणि तिला म्हटलं, वाढ. तिने खाली बघत पोळी वाढली. हे स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून तिथेच उभ्याने जेवले, आणि परीक्षा किती वाजता आहे ते त्यांनी तिलाच विचारलं.